थंडी आली की माशांच्या अंगावर पुन्हा उगवणाऱ्या गाठी: ओळख आणि उपचार

नाशिकमध्ये कोई किंवा गोल्डफिश पाळणाऱ्यांची एक तक्रार दर वर्षी जवळपास ठरलेल्या वेळी ऐकू येते. दिवाळी उलटून गारठा पडू लागला की माशाच्या परांवर, शेपटीवर किंवा पाठीवर पांढुरकी, किंचित गुलाबी झाक असलेली गुळगुळीत वाढ दिसू लागते. डिसेंबर-जानेवारीत ती पसरते, दुकानातून आणलेली निळी, पिवळी आणि हिरवी औषधे एकामागून एक टाकीत पडतात आणि होळीच्या सुमारास ती वाढ गळून जाते. शेवटी ज्या बाटलीतले औषध टाकलेले असते, त्या बाटलीला गुण दिला जातो. पुढच्या थंडीत तीच वाढ, बहुधा त्याच माशावर, परत येते आणि गेल्या वर्षी गुणकारी ठरलेले औषध या वेळी काहीच करत नाही.

या वाढीचे नाव कार्प पॉक्स. सायप्रिनिड हर्पिसव्हायरस-१ या विषाणूमुळे ती होते आणि युरोपातील कार्प माशांवर तिची नोंद सोळाव्या शतकापासून सापडते. एकदा लागण झाली की हा विषाणू माशाच्या शरीरात दबून राहतो. पाणी थंड झाले की माशाची प्रतिकारशक्ती मंदावते, विषाणू पुन्हा डोके वर काढतो आणि त्वचेच्या वरच्या थरातील पेशी अवास्तव वाढू लागतात. दिसायला ही वाढ कातडीवर मेणाचा थेंब सांडून थिजल्यासारखी असते. पाणी वीस अंश सेल्सिअसच्या खाली असेपर्यंत ती टिकते किंवा वाढते, आणि त्याच्या वर काही आठवडे राहिले की आपोआप सुटून पडते. नाशिक शहराचे किमान तापमान थंडीत दहा अंशांच्या खाली जाते आणि निफाडचा पारा तर अनेकदा राज्यात सर्वांत खाली असतो. त्यामुळे गच्चीवरील सिमेंटच्या टाकीत, अंगणातील हौदात किंवा हीटर नसलेल्या दिवाणखान्यातील टाकीत हा आजार दर वर्षी का परततो आणि फाल्गुनात का जातो, हे कोडे राहत नाही. मासा बरा होतो तो उन्हाने.

म्हणून कार्प पॉक्सवर बाटलीतले कोणतेही औषध टाकू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. विषाणूवर काम करणारे औषध हौशी मत्स्यपालकाला उपलब्ध नाही, आणि जी औषधे मिळतात त्यांतील बरीचशी फिल्टरमधील, माशांच्या मलमूत्रातील अमोनिया संपवणाऱ्या उपयुक्त जिवाणूंना मारतात. परिणामी अमोनिया वाढतो आणि आधीच थंडीने दुबळ्या झालेल्या माशावर दुसरे संकट येते. घरातील टाकी असेल तर हीटर लावून तापमान दिवसाला एक अंश या गतीने बावीस ते चोवीस अंशांपर्यंत न्यावे आणि तिथे स्थिर ठेवावे. बाहेरचा हौद तापवणे शक्य नसेल तर खाणे कमी करावे, पाणी स्वच्छ ठेवावे आणि उन्हाळ्याची वाट पाहावी. वाढ नखाने किंवा चिमट्याने खरवडू नये, कारण खाली उघडी पडलेली जखम बुरशीला आमंत्रण देते. मोठ्या माशाला या आजाराने सहसा धोका नसतो; तो खातो, पोहतो आणि केवळ दिसायला वाईट दिसतो. लहान पिलांना मात्र हाच विषाणू मारू शकतो, म्हणून वाढ असलेले मासे आणि नुकतीच झालेली पिले एकत्र ठेवू नयेत.

आधी पाहणे, मग औषध

कार्प पॉक्सचे उदाहरण आधी घेतले, कारण त्यात या संपूर्ण विषयातील मुख्य अडचण दिसते. माशाच्या अंगावर काहीतरी आले की त्याला सरसकट फंगस म्हटले जाते आणि त्यावर उपचार सुरू होतात. प्रत्यक्षात ती वाढ विषाणूची, जिवाणूची, बुरशीची, परजीवीची किंवा अर्बुदाची (ट्यूमरची) असू शकते. काही वेळा ती वाढ म्हणजे आजारच नसतो. यांतील एकाचा उपचार दुसऱ्याला घातक ठरतो आणि गाठ पुन्हा पुन्हा येण्याचे कारण बहुतेक वेळा हेच असते की तिला पहिल्यांदा ओळखलेलेच नसते.

ओळखण्यासाठी खर्चिक साधने लागत नाहीत. खोलीतील दिवा बंद करून टाकीच्या बाजूने तिरकस टॉर्च मारावा. समोरून पडणाऱ्या प्रकाशात सपाट दिसणारी वाढ तिरकस प्रकाशात उंच की खोल, गुळगुळीत की लवदार हे सांगते. मोबाइलने रोज एकाच बाजूने छायाचित्र घ्यावे, कारण वाढीचा वेग हा तिच्या रूपाइतकाच बोलका असतो. एका रात्रीत आलेली वाढ अर्बुद नसते आणि सहा महिने जशीच्या तशी राहिलेली गाठ बुरशी नसते. वाढ कातडीच्या वर चिकटलेली आहे, कातडीतून बाहेर आलेली आहे की कातडीखालून ती उचलत आहे, हे नीट पाहावे. एकाच माशाला आहे की अनेकांना, हेही तितकेच महत्त्वाचे. एकाच माशावर एकच गाठ असेल तर घाई करण्याचे कारण क्वचितच असते. चार दिवसांत चार माशांवर पसरली तर मात्र वाट पाहू नये. याच्या जोडीने अमोनिया, नायट्राइट आणि तापमान मोजून लिहून ठेवावे. अमोनिया आणि नायट्राइट शून्य नसतील तर गाठ कोणतीही असो, पहिला उपचार पाणी बदलणे हाच आहे.

आजार नसलेल्या वाढी

ओरांडा, रांचू आणि लायनहेड या गोल्डफिशच्या डोक्यावरील मांसल टोपी ही त्या जातीची ओळख आहे. ती वाढताना तिच्यावर बारीक पांढरे दाणे येतात आणि ते पाहून घाबरलेली मंडळी औषध टाकतात. मासा खात असेल आणि दाणे केवळ टोपीवरच असतील तर काहीही करू नये. टोपी डोळ्यांवर आली तरी ती घरी कापण्याचा विचारही नको. गोल्डफिशच्या नराच्या कल्ल्यांच्या झाकणावर आणि छातीच्या परांच्या पुढच्या कडेवर प्रजननाच्या काळात एका ओळीत बारीक, टणक, पांढरे ठिपके उगवतात. ते विखुरलेले नसतात, म्हणून व्हाइट स्पॉट या परजीवीमुळे होणाऱ्या पांढऱ्या ठिपक्यांच्या आजारापासून वेगळे ओळखता येतात. फ्लॉवरहॉर्न या माशाच्या डोक्यावरील उंचवटाही नैसर्गिकच आहे.

हिवाळ्यात आणखी एक फसवे चित्र दिसते. नळाचे गार पाणी थेट उबदार टाकीत मोठ्या प्रमाणात भरले की त्यात दाबाखाली विरघळलेला वायू बाहेर पडतो आणि माशाच्या परांमध्ये, डोळ्यांजवळ बारीक बुडबुडे अडकतात. दुरून ते फोडांसारखे दिसतात. पाणी बादलीत किंवा पिंपात एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) लावून रात्रभर ठेवून मगच टाकीत घालावे. म्हणजे हा त्रास मुळातच होत नाही.

खडबडीत, दाणेदार गाठ

एंजल, गुरामी, ऑस्कर, ग्लासफिश यांच्या परांच्या कडेवर किंवा तोंडाजवळ राखाडी-पांढरी, दाणेदार, एकमेकांना चिकटलेल्या मण्यांसारखी गाठ आली तर लिम्फोसिस्टिस या आजाराचा विचार सर्वप्रथम करावा. हाही विषाणूजन्य आजार आहे. तो विषाणूमुळे होत असावा, हा विचार रिचर्ड वाइसेनबर्ग या जर्मन संशोधकाने १९१४ मध्ये मांडला होता. या विषाणूची करामत विलक्षण आहे. त्वचेखालील संयोजी ऊतीतील पेशीत शिरल्यावर तो तिला मारत नाही, फुगवतो; आणि एरवी सूक्ष्मदर्शकाशिवाय न दिसणारी ती एक पेशी इतकी मोठी होते की नुसत्या डोळ्यांना दाण्यासारखी दिसते. भिंगातून पाहिल्यावर जो प्रत्येक मणी दिसतो, तो बहुधा एक पेशी असतो.

गोल्डफिश, कोई यांसारख्या कार्प कुळातील माशांना आणि कॅटफिश गटाला लिम्फोसिस्टिस सहसा होत नाही. ही माहिती ओळखीच्या कामी फार उपयोगी पडते, कारण गोल्डफिशवरील चामखिळीसारखी वाढ पाहून लिम्फोसिस्टिस म्हणणारा सल्ला तिथेच बाजूला ठेवता येतो. व्हाइट स्पॉटशी होणारा घोटाळाही टाळता येतो. व्हाइट स्पॉटचे ठिपके सुटे, एकसारखे आणि मिठाच्या कणाएवढे असतात आणि काही दिवसांत जागा बदलतात. लिम्फोसिस्टिसचे दाणे एकाच जागी गुच्छाने वाढतात आणि आठवडे-महिने तिथेच राहतात.

यावरही औषध नाही. आजार आपल्या गतीने संपतो, फुगलेल्या पेशी फुटतात, गाठ गळते आणि बहुतेक मासे पूर्ण बरे होतात. अडचण अशी की फुटणाऱ्या पेशींतून विषाणू पाण्यात उतरतो आणि ज्यांच्या कातडीला ओरखडे आहेत त्या माशांत शिरतो. म्हणूनच हा आजार एका टाकीत फिरत राहतो. गाठ असलेला मासा वेगळ्या टाकीत ठेवावा आणि गाठ पूर्ण गळून काही आठवडे होईपर्यंत परत आणू नये. मूळ टाकीतील भांडखोर मासा, टोकदार दगड, दाटी आणि खडबडीत जाळी ही ओरखड्यांची कारणे शोधून काढून टाकावीत. अंगात रंग टोचून विकले जाणारे ग्लासफिश या आजारासाठी कुप्रसिद्ध आहेत, कारण एकच सुई एका माशातून दुसऱ्यात जाते. असे मासे विकत घेऊ नयेत. टोचण्याची ती क्रिया क्रूर आहे आणि मागणी थांबल्याशिवाय ती थांबणार नाही.

कापूस, पण कोणता?

माशाच्या अंगावर कापूस आला, असे ज्याला म्हटले जाते त्यात किमान तीन वेगळे आजार लपलेले असतात आणि इथे चूक झाली तर मासा दोन दिवसांत जातो.

पहिला आजार म्हणजे बुरशी म्हणून ओळखली जाणारी, पण शास्त्रीयदृष्ट्या केवळ बुरशीसारखी असलेली सॅप्रोलेग्निया. ती जखमेवर किंवा मेलेल्या ऊतीवर उगवते. तिचे तंतू लांब, मोकळे आणि पाण्यात हलणारे असतात. मासा पाण्याबाहेर काढला की ते आडवे होऊन चिकटतात. ती गार पाण्यात जास्त दिसते आणि सावकाश वाढते. वेगळ्या टाकीत लिटरला दोन ते तीन ग्रॅम खडे मीठ किंवा मिथिलिन ब्लू यांनी ती आटोक्यात येते. मात्र जी जखम तिला आधार देते ती का झाली, हे शोधले नाही तर बुरशी परत येणारच. मिथिलिन ब्लू मुख्य टाकीत कधीही टाकू नये, कारण ते फिल्टरमधील जिवाणू मारते.

दुसरा आजार कॉलम्नॅरिस हा आहे. फ्लेव्होबॅक्टेरियम कॉलम्नेअर या जिवाणूमुळे होणाऱ्या या आजारात मोली, गप्पी, प्लॅटी यांच्या ओठांभोवती आखूड, मळकट पांढरी किंवा पिवळसर साय येते किंवा पाठीवर खोगिरासारखा फिकट पट्टा पडतो. त्याच्या कडा अनेकदा लालसर असतात. हा जिवाणू उबदार पाण्यात वेगाने वाढतो. मार्च ते मे या काळात, जेव्हा नाशिकची दुपार चाळिशीला पोहोचते आणि टाकीचे पाणी तिशी ओलांडते, तेव्हा ओठांवर आलेल्या कापसाला बुरशी समजून वेळ घालवणे किंवा व्हाइट स्पॉट समजून हीटर वाढवणे म्हणजे रोगाला हातभार लावणे होय. अशा वेळी तापमान हळूहळू पंचवीस अंशांच्या आसपास किंवा त्याखाली आणावे, हवा वाढवावी, रोज थोडे पाणी बदलावे आणि पशुवैद्यकाच्या सल्ल्याने प्रतिजैविक सुरू करावे. दुकानातून अंदाजाने आणलेली प्रतिजैविकाची पुडी अर्ध्या मात्रेत टाकली तर आजार दबतो, जिवाणू तग धरतात आणि पुढच्या वेळी तेच औषध लागू पडत नाही.

तिसरा प्रकार एपिस्टायलिस. देठावर बसणारे हे सूक्ष्म जीव माशाच्या परांच्या टोकांवर आणि डोक्यावर करड्या, उंच झुपक्यांच्या रूपात दिसतात. ते पाण्यातील जिवाणूंवर जगतात. माशाचे अंग हा त्यांना बसायला मिळालेला आधार असतो. त्यांचे दिसणे म्हणजे टाकीत सडके अन्न आणि गाळ साठला आहे असा स्पष्ट निरोप आहे. खडे उपसून गाळ काढणे, खाणे कमी करणे आणि मिठाची मात्रा देणे एवढ्याने बहुतेक वेळा काम होते.

व्हाइट स्पॉट परत का येतो

या आजाराबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून इथे केवळ पुनरावृत्तीचे कारण सांगतो. इक्थिओफ्थिरियस हा परजीवी माशाच्या कातडीखाली असताना औषधापासून सुरक्षित असतो. तिथून पडल्यावर तळाशी तो कवचात विभागतो आणि तेव्हाही सुरक्षितच असतो. कवच फुटून बाहेर आलेली, पोहणारी शेकडो पिले तेवढी औषधाने मरतात आणि त्यांना साधारण दोन दिवसांत मासा मिळाला नाही तरी मरतात. पंचवीस अंशांना हे चक्र सुमारे आठवड्यात पूर्ण होते. दहा अंशांना त्याला महिन्याहून अधिक काळ लागतो. म्हणजे जानेवारीत हीटर नसलेल्या टाकीत ठिपके गेले म्हणून तीन दिवसांत उपचार थांबवला तर तळातील पिढी अजून जन्मायची असते. तापमान अठ्ठावीस ते तीस अंशांवर स्थिर नेऊन, हवा भरपूर ठेवून, लिटरला दोन ते तीन ग्रॅम मीठ किंवा बाजारातील मॅलाकाइट ग्रीनयुक्त औषध वेष्टनावरील मात्रेत द्यावे आणि शेवटचा ठिपका गेल्यानंतरही किमान एक आठवडा उपचार चालू ठेवावा. लोच, कॅटफिश अशा खवले नसलेल्या माशांना मात्रा निम्मी ठेवावी. एकाही माशाच्या ओठांवर किंवा पाठीवर कॉलम्नॅरिसची साय असेल तर तापमान वाढवू नये.

अंगातून बाहेर आलेला दोरा

शेततळ्यातील किंवा उघड्या हौदातील कोई आणि गोल्डफिश यांच्या अंगातून सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर लांबीचा, टोकाशी दोन फाटे असलेला पांढरट-हिरवट दोरा लोंबत असेल आणि त्याच्या मुळाशी लाल सूज असेल तर तो लर्निया, म्हणजे अँकर वर्म आहे. त्याला कृमी म्हटले जात असले तरी तो कवचधारी वर्गातील प्राणी आहे. मादी आपले डोके माशाच्या स्नायूत नांगरासारखे रुतवते आणि बाहेरचे दोन फाटे तिच्या अंड्यांच्या पिशव्या असतात. मासा ओल्या फडक्यात धरून चिमट्याने दोरा कातडीच्या अगदी जवळ पकडावा, सरळ आणि सावकाश ओढावा आणि जखमेवर पोव्हिडोन आयोडीनचा बोळा फिरवावा. कल्ल्यांत थेंबही जाऊ देऊ नये. पण एवढ्यावर थांबलेल्यांचा त्रास तीन-चार आठवड्यांनी पुन्हा सुरू होतो, कारण पाण्यात आधीच सुटलेली पिले तोवर मोठी झालेली असतात. पाण्यातील पिल्लांसाठी डायफ्लुबेन्झुरॉनयुक्त मत्स्य-औषध वेष्टनावर सांगितल्याप्रमाणे एकाहून अधिक वेळा द्यावे लागते. त्याने कोळंबी मरते, म्हणून ती आधी बाहेर काढावी.

नाशिक जिल्ह्यातील वाचकांना इथे कळकळीची विनंती आहे. ज्यांची द्राक्षबाग आहे त्यांच्या घरात फवारणीची कीटकनाशके आणि मोरचूद हाताशी असतात आणि किड्याचे औषध किड्यालाच लागू पडेल या समजुतीने ते हौदात टाकण्याचा मोह होतो. शेतीच्या कीटकनाशकात मूळ घटकाखेरीज इतर द्रावणेही असतात, मात्रा माशासाठी ठरवलेली नसते आणि मोरचुदातील तांबे मृदू पाण्यात फार थोड्या प्रमाणातही माशांचे कल्ले जाळते. ते करू नका.

शेततळ्यातून आणलेल्या देशी माशांत कातडीखाली पिवळे किंवा काळे, मोहरीएवढे ते ज्वारीएवढे ठिपके सापडतात. ते चपट्या कृमींचे कोश असतात. त्यांच्या जीवनचक्राला गोगलगाय, मासा आणि बगळ्यासारखा मासे खाणारा पक्षी असे तिघेही लागतात. दिवाणखान्यातील टाकीत पक्षी नसल्यामुळे ते पसरत नाहीत आणि मासा त्यांच्यासह जगतो.

कातडीखालची गाठ

कातडी अखंड असताना खालून ती उचलणारी, टणक आणि महिनोन्महिने सावकाश वाढणारी एकच गाठ बहुधा अर्बुदाची असते. वयस्क गोल्डफिशमध्ये मज्जातंतूंच्या आवरणातून आणि तंतुमय ऊतीतून निघणाऱ्या अशा गाठी नेहमीच्या आहेत. त्या संसर्गाने पसरत नाहीत, कोणत्याही थेंबांनी विरघळत नाहीत आणि मासा खात असेल तर त्याला शांतपणे जगू देणे हाच शहाणपणाचा मार्ग आहे. काळ्या रंगाची, झपाट्याने पसरणारी गाठ प्लॅटी आणि स्वोर्डटेल यांच्या संकरित पिलांत दिसते. ही रंगपेशींची आनुवंशिक अर्बुदे १९२० च्या दशकात मायरन गॉर्डन आणि कुर्ट कॉसविग यांनी अभ्यासली आणि कर्करोगाची आनुवंशिकता समजून घेण्यासाठी ती आजही प्रयोगशाळांत वापरली जातात. अशा माशांची पुढे पैदास करू नये.

गळ्याखाली, दोन्ही कल्ल्यांच्या मध्ये लालसर फुगवटा आला तर त्याला कॅन्सर म्हणून सोडून देण्याआधी थांबावे. अमेरिकेतील ट्राउट माशांच्या केंद्रांमध्ये अशीच गाठ कर्करोगाची समजली जात होती. १९१० च्या सुमारास डेव्हिड मरीन या वैद्यकाने ती थायरॉइडची वाढ, म्हणजे गलगंड असल्याचे आणि आयोडीनने ती ओसरत असल्याचे दाखवले. पुढे १९१७ मध्ये त्यांनीच ओहायोतील अ‍ॅक्रन शहरात शाळकरी मुलींना आयोडीन देण्याचा प्रयोग सुरू केला. घराघरांत आलेल्या आयोडीनयुक्त मिठाच्या इतिहासात माशाच्या गाठीचा असा वाटा आहे. टाकीतील माशाला वर्षानुवर्षे एकाच डब्यातील जुने खाणे मिळत असेल तर ते बदलून कोळंबी आणि समुद्री शेवाळ असलेले ताजे खाणे सुरू करावे आणि नायट्रेट नियमित पाणी बदलून कमी ठेवावे. काही आठवड्यांत फुगवटा उतरू लागला तर निदान बरोबर होते.

या सर्वांत एक गाठ अशी आहे जिच्यापुढे माशाइतकीच आपलीही काळजी घ्यावी लागते. मासा खात असूनही वाळत जातो, पाठीचा कणा वाकतो, अंगावर न भरणारे व्रण किंवा गाठी येतात आणि काही महिन्यांच्या अंतराने एकेक मासा जातो, तेव्हा मायकोबॅक्टेरियम मरिनमचा संशय घ्यावा. क्षयरोगाच्या जिवाणूच्या कुळातील हा जिवाणू हाताच्या लहानशा जखमेतून माणसाच्या कातडीत शिरतो आणि साधारण दोन ते चार आठवड्यांनी, कधी त्याहून उशिरा, बोटांवर किंवा मनगटावर निळसर-लाल, न दुखणारी गाठ उठवतो. अशी गाठ दिसली तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे आणि घरी मासे आहेत हे न विचारताही सांगावे, कारण ते कळल्याशिवाय या आजाराचा विचार क्वचितच होतो आणि साध्या मलमाने तो बरा होत नाही. हाताला काप असताना टाकीत हात घालू नये, लांब हातमोजे वापरावेत, पाणी ओढण्यासाठी नळी तोंडाने कधीही चोखू नये आणि टाकी साफ करण्याचे काम लहान मुलांवर सोपवू नये. आजारी माशावर खात्रीचा उपचार नाही.

टाकी आणि थंडी

गाठी परत येऊ नयेत यासाठी नाशिकमध्ये करण्यासारखी सर्वांत उपयोगी गोष्ट म्हणजे नोव्हेंबरमध्येच हीटरची सोय करणे. लिटरला एक वॅट हा नेहमीचा ठोकताळा खोलीपेक्षा पाच-सहा अंश जास्त तापमान राखण्यापुरता आहे. जानेवारीच्या पहाटे गंगापूर रोडवरील मोकळ्या बंगल्यात किंवा पंचवटीतील जुन्या दगडी घरात खोली चौदा-पंधरा अंशांवर उतरली तर शंभर लिटरच्या टाकीला शंभर वॅटचा हीटर पुरत नाही आणि रात्री-दिवसाच्या तापमानात होणारा चढउतार माशाला सर्वाधिक दुबळे करतो. अशा टाकीला शंभर वॅटचे दोन हीटर दोन टोकांना लावावेत आणि वर झाकण ठेवावे. एक बंद पडला तरी टाकी एका रात्रीत गार पडत नाही. तापमापक हीटरपासून दूरच्या कोपऱ्यात चिकटवावा.

महापालिकेच्या पाण्यात क्लोरीन असते, म्हणून सोडियम थायोसल्फेट किंवा त्याच कामाचे द्रावण वापरल्याशिवाय ते टाकीत घालू नये. बोअरचे पाणी बेसॉल्टच्या खडकातून येत असल्यामुळे बहुधा जड असते. नळाच्या आणि बोअरच्या पाण्यात अचानक अदलाबदल केली तर माशाच्या कातडीवरील चिकट थराला धक्का बसतो आणि त्यानंतरच्या आठवड्यात आजार डोके काढतात. नवा मासा, तो कितीही निरोगी दिसत असला तरी, साध्या स्पंज फिल्टरच्या वेगळ्या टाकीत चार आठवडे ठेवावा. वर वर्णन केलेल्या बहुतेक गाठी दुकानातून किंवा तळ्यातून नव्या माशाबरोबरच घरात येतात.

शेवटचा उपाय आणि नमुना

गाठ तोंड बंद करू लागली, मासा तळाशी पडून राहिला आणि कित्येक दिवस खाईना, तर त्याला त्रासातून सोडवणे ही पालकाचीच जबाबदारी आहे. शस्त्रक्रिया शक्य असते, पण ती भूल देऊन पशुवैद्यकानेच करावी. ती शक्य नसेल तर लवंग तेल थोड्या कोमट पाण्यात जोरात हलवून पांढरट करावे आणि लिटरला किमान ०.४ मिलिलिटर या प्रमाणात वेगळ्या भांड्यातील टाकीच्याच पाण्यात मिसळून त्यात मासा ठेवावा. कल्ल्यांची हालचाल थांबल्यानंतरही त्याला अर्धा तास तिथेच राहू द्यावे. मासा शौचालयात किंवा गोदावरीत टाकू नये. आजारी मासा जिवंत असताना नदीत किंवा तळ्यात सोडणे हे तर तेथील माशांवर नवे रोग लादणे आहे.

निदान निश्चित करायचे असेल तर नुकताच मेलेला मासा प्लास्टिकच्या पिशवीत घालून बर्फावर ठेवावा. तो गोठवू नये, कारण गोठलेल्या ऊतीची रचना मोडते. काही तासांत पोहोचवणे जमणार नसेल तर गाठीचा अर्धा सेंटिमीटर जाडीचा तुकडा दहा टक्के फॉर्मेलिनमध्ये, म्हणजे एक भाग बाजारातील फॉर्मेलिन आणि नऊ भाग पाणी अशा द्रावणात, तुकड्याच्या किमान दहापट प्रमाणात बुडवून ठेवावा. हे काम हातमोजे घालून खिडकीजवळ करावे. मुंबईतील केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था किंवा नागपूर, उदगीर आणि रत्नागिरी येथील मत्स्य महाविद्यालये यांच्याकडे या विषयाचे जाणकार आहेत. नमुना पाठवण्याआधी तो स्वीकारला जातो का, हे फोन करून विचारावे. नमुन्यासोबत माशाची जात, गाठ पहिल्यांदा दिसल्याची तारीख, तेव्हापासूनची छायाचित्रे, पाण्याचे तापमान, अमोनिया-नायट्राइटची नोंद आणि आजवर टाकलेल्या प्रत्येक औषधाचे नाव व मात्रा एका कागदावर लिहून द्यावी.